वैद्यकीय क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांशी हितगुज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



वैद्यकीय व आरोग्यविषयक अभ्यासक्रमांच्या प्रवेशावर मी बोलावे, अशी आज्ञा संयोजकांनी केली तेव्हा मला संकोच वाटला. मी बी. कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. थान, पन्ना आणि उधारी यांतच माझी हयात गेली. व्यासपीठावर माझ्या शेजारी दोन डॉक्टर बसले असताना मी या विषयावर बोलावे, हे थोडे विपरीतच आहे. परंतु आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर मी पंधराहून अधिक वर्षे काम करीत आहे. दर पावसाळ्यात प्रवेशाच्या धांदलीत सापडलेली मुले आणि त्यांच्याहून अधिक धास्तावलेले पालक आमच्यासमोर येऊन बसतात. त्या अनुभवाच्या आधारावरच मी आज बोलणार आहे.

समितीपुढे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक प्रश्न विचारतो, "हेच क्षेत्र का निवडले?" शंभरातील नव्वद मुले उत्तर देतात, "समाजाची सेवा करायची आहे." उत्तर उत्तम आहे, परंतु ते पाठ केलेले असते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र निराळे उत्तर दिले. तिची आजी शासकीय रुग्णालयात बारा दिवस दाखल होती आणि रात्री ही मुलगी उशाशी बसत असे. पहाटे तीन वाजता सलाईन बदलणारी, वेदनेने ओरडणाऱ्या रुग्णाला शांत करणारी, डॉक्टरांना नेमक्या वेळी बोलावून आणणारी परिचारिका तिने पाहिली होती. "मला ते काम करायचे आहे," एवढेच ती म्हणाली. तिला बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि शुल्कासाठी साहाय्य हवे होते.

आता समितीत काय घडले तेही सांगितले पाहिजे. "आपल्या घरातली मुलगी नर्स होणार?" असा सूर निघाला. मीही त्यात होतो. एका सदस्याने तर तिला अजून एक वर्ष थांबून डॉक्टरकीसाठी पुन्हा परीक्षा देण्याचा सल्ला दिला. अर्ज दोन बैठका पडून राहिला. अखेर आमच्यातील एका वयोवृद्ध विश्वस्तांनी विचारले, "तुम्ही आजारी पडाल तेव्हा तुमची कूस बदलायला कोण येते?" त्यानंतर अर्ज मंजूर झाला. परंतु आमच्या विलंबामुळे पहिल्या हप्त्यासाठी त्या मुलीच्या आईला गळ्यातील साखळी गहाण ठेवावी लागली होती. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली.

विद्यार्थी मित्रहो, त्या मुलीने जे केले ते तुम्हीही करा, एवढीच माझी मुख्य विनंती आहे. ज्या कामासाठी आयुष्याची पाच-दहा वर्षे देणार, ते काम आधी डोळ्यांनी पाहा. ओळखीच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात चार दिवस कोपऱ्यात बसा. औषधाच्या दुकानात, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत, फिजिओथेरपी केंद्रात जाऊन या. तेथील वास, गर्दी, नातेवाइकांची चिडचिड, जेवणाची न ठरलेली वेळ हे सारे सहन होते का, ते पाहा. रुग्णाची गोपनीयता पाळा, तेथे पाहिलेले बाहेर बोलू नका. अशी मुले समितीपुढे येतात तेव्हा त्यांचे बोलणेच निराळे असते.

आपल्याकडे 'मेडिकल' म्हणजे एम. बी. बी. एस., आणि ते न मिळाल्यास सर्व संपले, अशी समजूत आहे. वास्तविक दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा व श्रवण उपचार, नर्सिंग, औषधनिर्माण, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञान अशा कितीतरी वाटा आहेत. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला. सर्वांचे दरवाजे मात्र एकच नाहीत. एम. बी. बी. एस., दंतवैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथीसाठी नीट परीक्षा लागते. आपल्या राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होत आले आहेत. बी. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी, तर नर्सिंगसाठी राज्याची निराळी सामाईक परीक्षा आहे. एकाच परीक्षेचा अर्ज भरून निर्धास्त बसलेल्या आणि नंतर दुसऱ्या परीक्षेची मुदत टळलेल्या मुलांना मी दरवर्षी पाहतो. नीटला 720 गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. यापलीकडे अभ्यासाविषयी सांगण्याचा मला अधिकार नाही. ते तुमचे शिक्षक सांगतील.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. अनेकजण दहावीनंतर मुलाला परराज्यातील प्रसिद्ध शिकवणीच्या गावी पाठवितात आणि बारावीही तेथूनच देववितात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या 85 टक्के राज्याच्या असतात. या राज्याच्या जागांसाठी काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. शिकवणीवर लाखो रुपये खर्चून आपण आपल्याच राज्याच्या जागांवरील हक्क घालवून बसतो. तेव्हा मुलाला बाहेर धाडण्यापूर्वी नियम वाचा.

कागदपत्रांचेही तसेच आहे. अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पात्र असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र हे निकालानंतर धावाधाव करून मिळविण्याचे कागद नव्हेत. केंद्र शासनाने जानेवारी 2014 मध्ये जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहिले जाते. आपल्यापैकी अनेकांच्या दाखल्यांवर तेथे 'हिंदू' आणि जातीच्या रकान्यात 'जैन' असे असते. दुरुस्ती करावयाची असल्यास ती अकरावीतच करून घ्या. गुणवत्ता यादीची अट अल्पसंख्याक जागांनाही लागू असते, हेही ध्यानात असू द्या. 'जैन कोट्यातून सहज होईल' असे सांगत फिरणारे लोक तुम्हाला भेटतील.

अशाच एका माणसाची गोष्ट मला सांगावयाची आहे. ती मी आजवर या सभागृहात सांगितली नाही.

2008 साली माझा मुलगा बारावी झाला. गुण चांगले होते, परंतु शासकीय महाविद्यालयासाठी पुरेसे नव्हते. त्या वेळी एक गृहस्थ माझ्या गादीवर येऊन बसले. परराज्यातील एका महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा मिळवून देतो, म्हणाले. बोलणे गोड, हातात त्या महाविद्यालयाचे रंगीत माहितीपत्रक. मित्रहो, मी थान उलगडून पन्ना मोजल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. कच्च्या पावतीवर कधी शंभर रुपये दिले नाहीत. त्याच मी या गृहस्थांना तीन लाख रुपये रोख दिले, विनापावती. मुलगा म्हणत होता, "पप्पा, मला फार्मसी चालेल, आवडेलसुद्धा." मी ऐकले नाही. नात्यातील दोघांची मुले डॉक्टर होत होती, आणि मला लग्नसमारंभात मान वर करून बोलावयाचे होते.

पंधरा दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन बंद झाला. त्या महाविद्यालयात जाऊन आलो तेव्हा तेथे माझ्या मुलाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. तोवर आपल्या राज्यातील फार्मसीच्या फेऱ्या संपल्या होत्या. पोलिसांत गेलो नाही, कारण रोख रकमेचा हिशेब मलाच द्यावा लागला असता. आपल्या राज्यात प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा 1987 पासून आहे, हे मला नंतर समजले. पैसे गेले त्याचे दुःख ओसरले. मुलाचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी त्याने फार्मसीला प्रवेश घेतला. आज तो एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात जबाबदारीच्या पदावर आहे. परंतु त्या वर्षाविषयी तो माझ्याशी आजही बोलत नाही, आणि मीही विषय काढीत नाही.

आता नीटच्या गुणवत्तेवरच प्रवेश होतात. अभिमत विद्यापीठांच्या वैद्यकीय जागासुद्धा केंद्रीय समुपदेशनातूनच भरल्या जातात. तरीही असे गृहस्थ संपलेले नाहीत, त्यांची भाषा तेवढी बदलली आहे. पैसे भरावयाचे ते महाविद्यालयाच्या खात्यात, पावती घेऊन. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते, ते पाहून घ्या. अभिमत विद्यापीठांपैकी अनेकांत एम. बी. बी. एस.चे शुल्क वर्षाला वीस लाखांहून अधिक आहे. पहिल्या वर्षाचे पैसे जमले म्हणून प्रवेश घेणारे पालक मला भेटतात. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची आंतरवासिता, वसतिगृह, पुस्तके, पुढे पदव्युत्तर शिक्षण हा सर्व हिशेब एका कागदावर मांडा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज साधारणतः पहिल्या दिवसापासून चढत असते. खतावणी लिहिणाऱ्या समाजाला हे मी सांगावे लागू नये, परंतु मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आपण खतावणी बंद करून ठेवतो. 2024 पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत पद्धतीने व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. तिची चौकशी अवश्य करा.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडेसे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेली मुले आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. युद्धाची गोष्ट सोडली तरी 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, तेथेच बारा महिन्यांची आंतरवासिता, आणि परतल्यावर भारतातील परीक्षा असे टप्पे आहेत. त्या परीक्षेत उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्णांची संख्याच बहुतेक वेळा मोठी राहिली आहे.

वसतिगृहात चोविहार कसा पाळायचा, असे मुले मला विचारतात. रात्रपाळी असेल तेव्हा कठीण जाते, हे खरे. आपल्या समाजातील डॉक्टर मंडळींना मी याविषयी विचारले. कोणी डबा सूर्यास्तापूर्वी उरकून घेतो, कोणी सवलत घेऊन नंतर प्रायश्चित्त घेतो. तुम्ही आपल्या गुरुमहाराजांना विचारा. कापड दुकानदाराने यात पडू नये.

आमची समिती जून ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी दहा वाजता ट्रस्टच्या कार्यालयात बसते. येताना पसंतीक्रमाची यादी, शुल्काचा कागद आणि दाखल्यांच्या प्रती घेऊन या. मुलाने स्वतः यावे, केवळ वडिलांनी नव्हे. आणि पैसे भरण्याच्या अंतिम तारखेच्या आदल्या रात्री माझ्या घराची घंटा वाजविण्यापेक्षा बारावीच्या दिवाळीतच एकदा येऊन जा. नर्सिंगचा अर्ज आता पडून राहत नाही.