डोंगरातली सायकल आणि घरचा पाना



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारणावरचे वाद ऐकता, क्वचित राजकारणही ऐकता. अशा ठिकाणी साखळी, छर्रे आणि ग्रीस यांची कथा घेऊन येणारा माणूस थोडा आगंतुकच म्हटला पाहिजे. मी व्यवसायाने गणिताचा शिक्षक. आता निवृत्त आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले की, डोंगरात चालवायच्या सायकलीची घरच्या घरी देखभाल कशी करावी आणि तिच्यात सुधारणा कोणत्या कराव्यात, यावर बोलेन. चालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बोला. पण लोकांना झोप येऊ देऊ नका." ती जबाबदारी मी पत्करली आहे.

आरंभ एका उतारापासून करतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन नावाचा जिल्हा आहे. तेथे १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली भंगारातून मिळवीत आणि डोंगरावरच्या मातीच्या वाटांनी खाली सोडीत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटर उतरायचे. या सायकलींना ब्रेक असे ते मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायडल उलटे दाबून लावायचे. तळाशी पोचेपर्यंत तो तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होऊन जाई. मग घरी नेऊन तुंबा उघडायचा, पुसायचा आणि नवे ग्रीस भरायचे. पुन्हा ग्रीस भरण्याला त्यांच्या भाषेत 'रीपॅक' म्हणतात. त्या उताराचे आणि शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले.

श्रोतेहो, शर्यतींना राजांची नावे मिळतात, देणगीदारांची मिळतात. पण शर्यतीनंतर घरी करावयाच्या दुरुस्तीचे नाव शर्यतीला मिळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या मंडळींनी पुढे काय केले? रोज तोच ब्रेक जळतो म्हणून त्यांनी दुसरा ब्रेक बसवला. चढ चढवत नाही म्हणून गिअर जोडले. कोणी मोटारसायकलच्या ब्रेकचे दांडे हँडलला लावले. सांगाडे मोडू लागले तेव्हा १९७७ साली ज्यो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी टॉम रिची यांनी घडवलेल्या सांगाड्यांवर सायकली बांधून विकण्याचा धंदा काढला. १९८१ साली कारखान्यात घाऊक तयार झालेली अशी सायकल बाजारात आली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत झाली. म्हणजे दुरुस्ती आधी आली आणि सुधारणा तिच्या पोटातून जन्मली. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे व्याख्यान याच एका वाक्याचा विस्तार आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या पिढीची सायकल म्हणजे काळी, उंच, दांड्याची. ती मोठी क्षमाशील होती. वर्षातून एकदा ओव्हरहॉल केले, छर्रे बदलले, चाकाचा आऊट काढला, की ती पुन्हा पाठीवर धान्याचे पोते घ्यायला तयार. आज नातवंडे मागतात ती गिअरची, जाड टायरांची, पुढे शॉकअप असलेली. तिच्यातही दोन जाती आहेत. दुकानात दिसणाऱ्या कित्येक सायकलींचे रूप तेवढे डोंगराचे असते, अंग रस्त्याचे असते. त्यांच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत उड्या आणि खडकाळ वाटा वर्ज्य म्हटले असेल, तर ती सूचना मनापासून लिहिलेली आहे असे समजावे. पहिली देखभाल ती ही की, आपल्या घरात कोणते यंत्र आले आहे हे ओळखणे.

या ओळखीचे मोल मला एका अपघाताने कळले. ती गोष्ट माझ्या कमीपणाची आहे. पण शिक्षकाने स्वतःची चुकलेली गणितेही फळ्यावर मांडावीत.

माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याच्या सायकलीला दोन्ही चाकांना तबकडीचे ब्रेक. साखळी कुरकुरत होती. तो झोपलेला असताना मी हौसेने फवाऱ्याच्या डब्यातले तेल साखळीवर मारले, भरपूर मारले आणि उरलेले 'असू दे' म्हणून चाकांच्या तुंब्यांवरही मारले. सकाळी तो पाच-सहा मित्रांबरोबर गड चढला. उतरताना पहिल्याच वळणावर ब्रेक किंचाळला आणि धरला मात्र नाही. पोराने प्रसंगावधान राखून सायकल डोंगराच्या अंगाला घातली. दरीच्या अंगाला गेली असती तर मी आज येथे उभा राहिलो नसतो. गळपट्टीचे हाड मोडले तेवढ्यावर निभावले.

सायकल आमच्या आळीतल्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी तबकडीवरून बोट फिरवले, वास घेतला आणि मला विचारले, "मास्तर, साखळी पुसलीत की पाजलीत?" मी म्हटले, "तेल घातले." ते म्हणाले, "चाक पळावं म्हणून तेल असतं. थांबावं म्हणून जे केलंय त्याला तेल पाजायचं नसतं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या दुकानात शिकाऊ म्हणून बसू लागलो. आज जे सांगतो ते बहुतेक त्या ओट्यावरचे आहे.

प्रथम साखळी. साखळीला बाहेरून तेल लावून उपयोग नाही. घर्षण होते ते आतल्या पिनेत आणि तिच्यावर फिरणाऱ्या रोलरमध्ये. म्हणून आधी फडक्याने साखळी कोरडी पुसावी, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवून तो आत जिरू द्यावा आणि शेवटी बाहेरचे तेल पुन्हा पुसून काढावे. बाहेर उरलेल्या तेलावर आपल्या तांबड्या मातीची धूळ बसते आणि दोहोंचा मिळून कानशीसारखा लेप होतो. तो दात खातो. पावसाळ्यात तेल धुऊन जाते म्हणून जरा दाट तेल, उन्हाळ्यात पातळ. एवढे तारतम्य पुरे.

साखळी 'लांबते' असे आपण म्हणतो. पत्र्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांची भोके झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते. ती मोजायला यंत्र नको, मुलांच्या दप्तरातली एक फुटाची पोलादी पट्टी पुरे. सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असते. म्हणून चोवीस अंतरे मिळून बरोबर बारा इंच झाली पाहिजेत. साखळी ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि चोविसाव्या अंतराची पिन पाहा. ती बारा इंचांच्या पुढे एक-षोडशांश इंच सरकली असेल, तर अर्धा टक्का झीज झाली. मागे अकरा-बारा चक्रे असतील, तर साखळी तेव्हाच बदलावी. कमी चक्रांच्या सायकलीला पाऊण टक्क्यापर्यंत मुभा आहे. एक-अष्टमांश इंच सरकली, तर बहुधा मागच्या चक्रांचे दातही गेले. वेळेवर बदललेली साखळी चक्रांना वाचवते. उशिरा बदललेली त्यांना बरोबर घेऊन जाते. कर्जाच्या व्याजाचे गणित याहून निराळे नसते.

दुसरा ब्रेक. तबकडीला तेलाचा हात लावू नये. स्वच्छ करायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडके. तेल प्यालेले पॅड पुसून सहसा सुधारत नाहीत. ते टाकून नवे घ्यावेत. पॅडवरचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरण्याच्या आत पॅड बदलावा. नवे पॅड बसवले की लगेच घाटात जाऊ नये; सपाट रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा हळूहळू वेग मारावा, म्हणजे पॅडचा थर तबकडीवर सारखा बसतो. चाक काढलेले असताना ब्रेकचा दांडा दाबू नये; पॅड आतल्या आत एकमेकांना भिडतात आणि मग वेगळे करताना घाम फुटतो. ब्रेकच्या नळीत द्रव असेल, तर तो कोणता हे दांड्यावर वाचावे. काहींत खनिज तेल असते, काहींत डॉट जातीचा द्रव. एकाच्या जागी दुसरा घातला, तर आतली रबरे फुगतात किंवा कुजतात आणि ब्रेक ऐन उतारावर दगा देतो.

तिसरे, आटे आणि बोल्ट. पूर्वी आपण 'अंगात जोर असेल तेवढे आवळ' म्हणत असू. आजचे भाग हलक्या ॲल्युमिनियमचे, काही कार्बनचे. हँडल धरणाऱ्या बोल्टांचे माप बहुधा चार ते सहा न्यूटन-मीटर असते आणि नेमका आकडा त्या भागावरच छापलेला असतो. माप दाखवणारा पाना ही घरच्या पेटीतली पहिली मौल्यवान खरेदी असावी. आणखी एक. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे विसरून जोर लावणारे भीम मी पाहिले आहेत. त्यांच्या जोराला क्रँकने दिलेले उत्तरही पाहिले आहे.

चौथे, हवा. डोंगरातल्या जाड टायरात रस्त्याएवढी हवा भरली, तर सायकल खडकांवरून चेंडूसारखी उडते आणि पकड जाते. माणसाचे वजन आणि टायरची रुंदी पाहून बऱ्याचदा वीस ते तीस पौंड पुरतात. आत ट्यूब असेल तर थोडी अधिक, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटते. ट्यूब नसलेल्या टायरात भोके बुजवणारा रबराच्या चिकाचा द्रव असतो. तो आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो. दोन-तीन महिन्यांनी टायरची एक कड सोडून पाहावा. शॉकअपचेही तसेच. स्वार बसल्यावर तो आपल्या एकूण चालीच्या वीस ते तीस टक्के खाली बसावा. चाल १२० मिलिमीटर असेल, तर तीसेक मिलिमीटर. ही जुळवणी फुकट आहे, आणि महागडा नवा शॉकअप घेण्याचा मोह पुष्कळदा तिनेच मावळतो.

येथे मी सुधारणेच्या प्रश्नाशी येतो. बाजार आपल्याला रोज सांगतो की, तुमचा भाग जुना झाला. माझी तरुणांना विनंती आहे की, सुधारणा जमिनीपासून वर करीत यावी. जमिनीला टेकतात ते टायर. पहिला पैसा तेथे घालावा. मग चांगले पॅड. मग जेथे माणूस सायकलीला टेकतो ते भाग : पायडल, मुठी, सीट. गिअर त्यानंतर. कारण गिअरच्या बाबतीत पत्रिका खरोखर पाहावी लागते. नऊ चक्रांऐवजी बारा चक्रे हवीत असे म्हणताच साखळी बदलते, हँडलवरचा खटका बदलतो, मागचा डिरेलर बदलतो आणि पुष्कळदा ज्यावर चक्रे बसतात तो तुंब्याचा भागही बदलतो. एका कंपनीचा खटका जेवढी तार ओढतो तेवढ्याने दुसऱ्या कंपनीचा डिरेलर बहुधा योग्य जागी सरकत नाही. सुनेबरोबर सगळे माहेर घरात यावे तसा हा प्रकार आहे. आनंदाने आणावे, पण आधी खोल्या मोजाव्यात.

आणि पुष्कळदा दुखणे निराळेच असते. गिअर नीट पडत नाहीत म्हणून नवा डिरेलर आणतात. पण डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती सायकल पडल्यावर वाकलेली असते. सांगाडा वाचावा म्हणून ती मुद्दाम नरम केलेली असते. ती सरळ केली किंवा बदलली, तारेचा ताण पाव फेरा इकडेतिकडे केला, की जुनाच डिरेलर मुकाट्याने काम करतो. म्हणून म्हणतो, ज्याने देखभाल केली त्यालाच सुधारणा कोणती हवी हे कळते.

काही कामे घरी करू नयेत, हेही सांगितले पाहिजे. हवेच्या दाबाचा शॉकअप उघडणे, तडा गेलेला सांगाडा, ब्रेकच्या नळीत हवा शिरली आणि आपल्याला काढता येत नाही, ही कामे जाणत्याकडे न्यावीत. घरचा पाना मेस्त्रीला घालवण्यासाठी नाही. उलट, स्वतः एकदा चाकाचा आऊट काढायला बसावे. एक तार आवळली की चाक दुसरीकडे पळते, तासभर गेला की मान दुखते. मग त्या माणसाने मागितलेल्या मजुरीत घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही.

आपल्या पांढरपेशा समाजाने लेखणीने काळे झालेले बोट मिरवले आणि ग्रीसने काळा झालेला हात धुऊन मगच ओटीवर या असे सांगितले. मीही तेच शिकलो आणि तेच शिकवले. गुणोत्तर मी तीस वर्षे फळ्यावर शिकवले; पण बत्तीस दातांच्या चक्राने सोळा दातांचे चक्र दुप्पट फिरते, हे मुलांच्या हातात साखळी देऊन कधी दाखवले नाही. ती चूक आता सुधारता येत नाही. भाच्याचे हाड मात्र सांधले. तो पुन्हा गडावर जातो. निघण्यापूर्वी तो आणि मी सायकल उलटी करतो, चाके फिरवतो, दोन्ही ब्रेक दाबून पाहतो, बोल्ट तपासतो. पाच मिनिटे लागतात. मग तो म्हणतो, "मामा, तेलाचा डबा तेवढा आत ठेवा हं." मी तो आत ठेवतो.

आपणही घरी गेल्यावर जिन्याखालच्या सायकलीचे चाक एकदा फिरवून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.