परसातली भाजी, प्रत्येकाची वाटी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



घरच्या ताज्या भाजीचा सोपा, सकस स्वयंपाक हा विषय संयोजकांनी आम्हाला दिला आहे. आम्ही आहारतज्ज्ञ नाही. दिवसभर बँकेत आकडे मांडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचे, हा आमचा दिनक्रम. त्यामुळे अशा घरांना जमेल तेवढेच सांगू.

आकड्यांची सवय असल्याने सुरुवात आकड्यानेच करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. पायऱ्या चढताना आईला धाप लागते, वर्गात मुलीचे लक्ष लागत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. रक्तक्षय झालाच असेल तर डॉक्टरांचा सल्ला आणि लोहाच्या गोळ्या यांना पर्याय नाही. परंतु रोजच्या ताटाचा यात वाटा आहे, आणि ते ताट आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सांगते. त्यात बटाट्यासारखे कंद धरलेले नाहीत. पाच माणसांच्या घरात हे दोन किलो होतात. चार डब्यांतून दोन किलो निघणार नाहीत, बाजार करावाच लागेल. पण पालेभाजी सगळ्यांत लवकर सुकते आणि पावसाळ्यात महाग होते. निदान तेवढी दारात लावावी.

त्यासाठी अंगण हवेच असे नाही. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घ्या, स्वच्छ धुवा, तळाला भोके पाडा. दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत भरा. मेथीचे दाणे आणि धणे घरच्या मिसळणाच्या डब्यातलेही चालतात; धणे मात्र रगडून दोन फाकी करून पेरावेत. मेथी महिनाभरात काढायला येते. पालक मुळासकट न उपटता वरून खुडला की पुन्हा फुटतो. थोडी मोकळी जागा असेल तर शेवगा लावा. पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, चार-पाच फुटांची फांदी रोवली की पुढे त्याला फारसे पाणी लागत नाही. शेवगा दारात लावू नये असे काही लोक म्हणतात. त्याचे लाकूड ठिसूळ असते, वाऱ्यात फांदी मोडते, म्हणून तो घराच्या छपरापासून दूर लावावा. याहून अधिक भिण्याचे कारण नाही.

आता स्वयंपाकाकडे वळू. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला शेळीला घालतो. या पाल्याची भाजी वीस मिनिटांत होते. रात्री पाला देठावरून ओरबाडून ठेवावा. सकाळी मूठभर मुगाची डाळ भिजत घालून इतर कामे उरकावीत. दोन चमचे तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या आणि एक कांदा परतावा. त्यात डाळ आणि थोडे पाणी घालून झाकण ठेवावे. डाळ मऊ होत आली की दोन ओंजळी धुतलेला पाला टाकावा. पाच-सात मिनिटांनी मीठ आणि दाण्याचे कूट घालावे, की भाजी तयार. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती उत्तम लागते. याच रीतीने पालक, लाल माठ, चाकवतही करता येतात. अळूला मात्र चिंच किंवा आंबट चुका हवाच, नाहीतर घसा खाजतो.

काही साध्या गोष्टी पाळाव्यात. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, आमटीत घालावे. पालेभाजीतले लोह शरीरात सहज मुरत नाही. सोबत लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असेल तर ते अधिक मुरते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी मुरते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा. यांपैकी कशालाही जादा खर्च नाही.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाजी लावली, निवडली, शिजवली, तरी ती कोणाच्या पोटात जाते? आधी पुरुष जेवतात, मग मुले. भाजी कमी पडली की घरातली बाई चटणी-भाकरीवर भागवते आणि कोणाला कळतही नाही. जिला गरज अधिक तिच्याच वाट्याला उरलेसुरले येते. यावर आमचा उपाय साधा आहे. घरात जितकी माणसे तितक्या वाट्या मांडाव्यात आणि कोणीही जेवायला बसण्याआधी त्या सर्व भराव्यात. भाजी थोडी असेल तर सर्वांच्या वाटीत थोडी. आईची वाटी रिकामी राहिली तर ती सर्वांना दिसली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुम्हीच करू शकता. डब्याला पाणी घालणे, पाला निवडणे, वाट्या भरणे यांत मुलगा-मुलगी असा भेद नाही. उद्या वसतिगृहात किंवा परगावी खोली करून राहाल, तेव्हा हीच भाजी स्वतःला करून घेता येईल. येत्या रविवारी एक डबा भरून मेथी पेरा. महिन्याभरात तिची भाजी होईल. त्या दिवशी पहिली वाटी आईची भरा.