चतुराचे बालपण

पावसाळा सरत आला की माळावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. शास्त्रज्ञ या जातीला पँटाला म्हणतात. इतके चतुर एकाएकी आले कोठून? बहुतेक साध्या डबक्यांतून.

पावसाने साचलेल्या पाण्यात मादी शेपटीचे टोक बुडवून अंडी घालते. कधी फसून मोटारीच्या चकाकत्या टपावरही! अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यातच वाढते, पुनःपुन्हा कात टाकते, आणि घडी घातलेला खालचा ओठ झटक्यासरशी पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. इतर कित्येक जातींना या वाढीस वर्ष वा अधिक काळ लागतो. याला तेवढी सवड कोठली? डबके आटण्यापूर्वी, दीड-दोन महिन्यांत, त्याला पंख फुटावयास हवेत. फुलपाखरासारखी कोशाची विश्रांतीही नाही. एके रात्री ते गवताच्या काडीवर चढते, पाठ उकलते, आणि ओलसर, फिकट चतुर बाहेर येतो. पंख वाळेपर्यंत मुंगीसुद्धा त्याचा घास घेते.

त्यातून वाचलेले चतुर वाऱ्याबरोबर मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असा तर्क चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडला. ज्याचे डबके आठवडाभर आधी आटले, ते पिल्लू मात्र चिखलातच राहते.