घोड्याच्या पाठीवरची शाळा

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे वाढवून)



भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतली काही मुले हसली. घोडा आणि उपचार! सर आता शर्यतीवर बोलणार, असे त्यांना वाटले असावे. शर्यतीशी माझा काही संबंध नाही आणि घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसलो आहे, तोही माथेरानला, आणि तेव्हा घोडेवाल्याचा हात मी सोडला नव्हता. तरीही हा विषय मी निवडला, त्याला एक कारण आहे. ते सांगताना मला थोडे खाली पाहावे लागेल. पण ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, प्रवेशाची गर्दी. एक पालक आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन आले. मुलगा सात वर्षांचा. पण त्याला धड बसता येत नव्हते. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, डॉक्टर ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो विकार. दोन्ही पाय आखडून कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, डावी मूठ मिटलेली. डोळे मात्र भिंतीवरचा नकाशा पाहत होते. प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. मी म्हणालो, "भाई, पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर. एका वर्गात साठ मुले. याच्याकडे लक्ष कोण देणार? याला एखाद्या खास शाळेत न्या." ते "बरं सर" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आमच्या तालुक्यात तशी खास शाळा नाही, हे मला माहीत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, हेही माहीत होते. प्रशिक्षणवर्गात मी त्यावर सुंदर अक्षरात टिपणे काढली होती!

पुढे जुलैत एका संध्याकाळी मी मोहल्ल्यातून जात होतो. तिथे एक चाचा राहतात. त्यांचे वडील टांगा हाकीत. टांगे गेले, रिक्षा आल्या; आता चाचांकडे एक पांढरी घोडी आहे, ती लग्नाच्या वरातीला जाते. पावसाळ्यात लग्ने नसतात, घोडी दाराशीच बांधलेली असते. त्या संध्याकाळी घोडी चालत होती आणि तिच्या पाठीवर तोच मुलगा बसला होता. चाचा पुढे लगाम धरून, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मुलाची मोठी बहीण. आणि ते कात्रीसारखे पाय घोडीच्या दोन बाजूंना मोकळे सुटलेले! मला पाहून चाचा म्हणाले, "मास्तर, जरा पाहा. दहा-बारा दिवस झाले. आता मान सरळ ठेवतो." मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याचे लक्ष घोडीच्या कानांकडे होते.

त्या रात्री मी या विषयावर वाचायला बसलो, तो अजून वाचतोच आहे. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

या उपचाराची कथा सांगणारे बहुतेक लोक डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. पोलिओ म्हणजे काय हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधी प्रत्येक गल्लीत एखादे तरी मूल पाय ओढीत चालताना दिसे. हार्टेलबाईंना मूल निरोगी झाले, पण त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. आधी हात उचलायला शिकल्या, मग लहान मुलासारखे रांगायला, मग कुबड्यांवर उभे राहायला. घोड्यावर पुन्हा बसू लागल्या तेव्हा बसवायला आणि उतरवायला माणसे लागत. गुडघ्याखालचे पाय कायमचे निकामी राहिले. घोडेस्वार आपल्या घोड्याला टाचेने आणि पोटरीने इशारा करतो. बाईंनी ते सारे इशारे कंबर आणि पाठ यांच्या जोरावर द्यायचे ठरवले आणि आपल्या ज्युबिली नावाच्या घोडीला ते शिकवले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत या खेळात फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. हा नियम इतका कडक होता, की १९४८ साली स्वीडनच्या संघातला एक स्वार खरा अधिकारी नाही असे कळल्यावर संपूर्ण संघाचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. हेलसिंकीला प्रथमच स्त्रियांना आणि लष्कराबाहेरच्या लोकांना दार उघडले. ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याला शिस्तीत, तालात चालवून दाखवण्याच्या स्पर्धेत, चार स्त्रिया उतरल्या. त्यांतल्या हार्टेलबाईंनी पुरुषांच्या बरोबरीने खेळून रौप्यपदक घेतले. पदक स्वीकारायच्या चौथऱ्यावर त्यांना स्वतः चढता येईना, तेव्हा सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या हेन्री सेंट सिर यांनी त्यांना हात देऊन वर घेतले. १९५६ साली बाईंनी पुन्हा रौप्यपदक मिळवले.

लोकांनी विचार केला, घोड्यामुळे एवढे होत असेल तर इतरांना का नको? १९६९ साली इंग्लंडमध्ये अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेतही झाली. १९७० साली जर्मनीत तशीच संस्था निघाली. आणि १९९६ पासून दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, पॅरालिंपिकमध्ये, ड्रेसाजची स्पर्धा होते.

आता खरा प्रश्न. घोड्याच्या पाठीत असे काय आहे? यात जादू काही नाही. तुम्ही चालता तेव्हा तुमची कंबर वरखाली होते, डावी-उजवीकडे झुलते आणि थोडी पुढेमागे वळते. घोडा संथ पावलांनी चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल बरीचशी तशीच असते. त्यामुळे ज्या मुलाने आयुष्यात पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा अनुभव घोड्याच्या पाठीवर मिळतो. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो. दहा मिनिटांत हजार वेळा त्या मुलाला आपला तोल सावरावा लागतो. कोणता व्यायामशिक्षक लहान मुलाकडून हजार वेळा एक व्यायाम न रडता करवून घेईल? शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित गरम, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास. मांड घालून बसल्यावर त्या उबेने आणि तालाने आखडलेले स्नायू सैल पडतात.

हा उपचार फिजिओथेरपिस्टसारखा तज्ज्ञ स्वतः करतो तेव्हा त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. (विद्यार्थ्यांनो, यात पाणघोडा नाही! 'हिप्पोस' म्हणजे ग्रीक भाषेत घोडा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, आणि मराठीने त्याचे 'पाणघोडा' हे चोख भाषांतर केले आहे.) २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुले घेतली. काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावरच्या मुलांच्या डाव्या-उजव्या स्नायूंचा मेळ सुधारलेला दिसला, पिंपावरच्यांचा तसा दिसला नाही. म्हणजे नुसते पाय फाकून बसणे पुरेसे नाही, चाल हवी. पण हे सुद्धा नीट ऐका: असे बहुतेक प्रयोग थोड्या मुलांवर झालेले आहेत. घोड्यावर बसून मूल पूर्ण बरे होते, असे कोणी सांगून पैसे मागू लागला तर त्याच्यापासून दूर राहा.

या कामातल्या माणसांविषयी मला विशेष सांगायचे आहे, कारण घोड्यापेक्षा माणसेच जास्त लागतात. एका मुलामागे पुष्कळदा तीन. एक घोड्याच्या डोक्याशी, लगाम धरून. त्याने मुलाकडे पाहायचे नाही, सारे लक्ष घोड्यावर. आणि दोघे दोन बाजूंना, मुलाच्या मांडीवर किंवा कमरेवर हात ठेवून चालणारे. या दोघांचे काम सगळ्यांत अवघड असे मला वाटते. मूल डगमगले की आपला हात घट्ट होऊ पाहतो. पण घट्ट धरले तर ते तोल सावरायला शिकणारच नाही. पडू तर द्यायचे नाही, आणि सावरायची संधीही हिरावून घ्यायची नाही. हे वाचताना मला माझ्या वर्गातला माझा हात आठवला. असो. या तिघांवर देखरेख करणारा तज्ज्ञ असतो. तो कधी मुलाला उलटे, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बसवतो, कधी चेंडू द्यायला लावतो, कधी घोडा थांबवतो आणि पुन्हा चालवतो.

घोडाही वाटेल तो चालत नाही. तापट, तरुण घोडा कामाचा नाही. कुबड्या, चाकांची खुर्ची, अचानक ओरडणे, अंगावर पडणारा चेंडू यांची सवय त्याला महिनोन् महिने लावावी लागते. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त नाकासमोर अगदी जवळ आणि शेपटीमागे दिसत नाही. म्हणून मागून जायचे नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कान मागे पाडले की त्याची मर्जी नाही असे समजायचे. थकलेल्या घोड्याला विश्रांती द्यायचीच, रांगेत मुले असली तरी.

दुसरा प्रकार समुपदेशनाचा. तिथे पुष्कळदा घोड्यावर बसतच नाहीत. युद्धावरून परतलेले सैनिक, घरातला मृत्यू पाहून गप्प झालेली मुले, मारहाण सोसलेल्या स्त्रिया, अशांसाठी हे काम चालते. मनाचा तज्ज्ञ एक आणि घोड्याचा जाणकार एक, असे दोघे असतात. समजा, अशा एखाद्या मुलाला सांगितले, "या घोड्याला दोर न लावता त्या कोपऱ्यापर्यंत ने." मुलगा ओढतो, ढकलतो, चिडतो. घोडा हलत नाही. मग केव्हातरी मुलगा श्वास सोडून शांत उभा राहतो आणि घोडा आपणहून एक पाऊल टाकतो. समुपदेशक विचारतो, "घोड्याला काय वाटले असेल?" ज्या मुलाने स्वतःविषयी एक अक्षर काढलेले नसते, तो घोड्याविषयी बोलू लागतो. घोडा हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे समोरच्याचा राग तो चटकन ओळखतो. २०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. छायाचित्र पाहून! मग रोज रागाने वर्गात शिरणाऱ्या शिक्षकाविषयी मुले काय ओळखत नसतील?

पालकहो, आता चाचांच्या घोडीकडे परत येतो. मी काय वाचले ते मुलाच्या वडिलांना सांगितले आणि आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेलो. त्यांनी आधी आम्हा तिघांची खरडपट्टी काढली. अशा मुलांचा खुबा कधी कधी सांध्यातून सरकलेला असतो, तशा स्थितीत मांड घालून बसवले तर इजा होते. ज्यांना फिट येतात, ज्यांच्या मानेचे मणके सैल असतात (डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांचे असतात), त्यांना तपासणीशिवाय घोड्याजवळ नेऊ नये. डोक्याला टोपी नाही, घोडी शिकवलेली नाही. बँडच्या आवाजाला ती सरावली म्हणून मुलाच्या किंकाळीला बिचकणार नाही असे कोण सांगेल? क्ष-किरण तपासणीत खुबे ठीक निघाले, अल्लाची मेहरबानी. पण स्वारी बंद झाली. मुलगा दोन दिवस जेवला नाही. चाचाही माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

बाईंनी घरी करायचे व्यायाम शिकवले. गुंडाळलेल्या गादीवर मांड घालून बसवणे हा त्यांतलाच एक. आणि जाता जाता म्हणाल्या, घोडीला बांधून ठेवून, मोठ्या माणसाने धरून, त्याला खरारा करू द्या. खरारा करणे, चारा घालणे ही कामे अशा केंद्रांतही मुलांकडून करवून घेतात. डाव्या हाताची मूठ उघडल्याशिवाय ब्रश धरता येत नाही. आता संध्याकाळी वडील त्याला उभा धरतात आणि तो घोडीच्या पोटावर ब्रश फिरवतो, आधी उजव्या हाताने, मग चाचा म्हणतात, "आता दुसरा."

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणाला प्राण्यांची ओढ असेल तर पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईतले पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. फिजिओथेरपी आहे, मानसशास्त्र आहे. मुलींनी हे वाक्य दोनदा वाचावे. आणि ज्यांच्या घरी तबेला होता, नालबंदी होती, त्यांनी ते सांगायला लाजू नये. लगाम, रकाब, जीन, साईस हे शब्द आपल्या वाडवडिलांच्या रोजच्या तोंडचे. ते ज्ञान चाचांबरोबर जाईल, अशी मला धास्ती वाटते.

त्या ऑगस्टमध्ये मी त्या वडिलांच्या घरी गेलो आणि प्रवेशाचा अर्ज तिथेच भरून घेतला. पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आणायला सातवीची आठ मुले आणि एक तास लागला. सुताराने कडेला हात असलेली खुर्ची करून दिली, लाकडाचे पैसे तेवढे घेतले.

तो आता चौथीत आहे. गेल्या सहामाहीत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध होता. त्याला लिहायला इतरांच्या दुप्पट वेळ दिला. त्याने पाच ओळी लिहिल्या. त्यांतल्या दोन घोडीला सकाळ-संध्याकाळ किती चंदी लागते याविषयी होत्या. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी दहापैकी सात गुण दिले. तो वही घेऊन आला आणि विचारू लागला, तीन कुठे गेले.