पैसा लेकरांचा, मजुरी आईची

(देगलूर इथं झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



आज मला सरकारी पैशाविषयी बोलायला सांगितलंय. अंदाजपत्रक म्हटलं की आपण दचकतो. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही ते परीक्षेपुरतंच वाचलं. ते खरं समजावलं आपल्या तालुक्यातल्या एका बाईनं. तिचं नाव मी सांगत नाही.

नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेला आणि तिकडंच वारला. मागं दोन लेकरं, थोरली मुलगी तेरा वर्षांची. मी तिचा बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. योजना चांगली आहे. बाप गेला म्हणून मूल बालगृहात टाकू नये, ते घरातच वाढावं, यासाठी सरकार दरमहा पैसे देतं. कित्येक वर्षं ही रक्कम मुलामागे ४२५ रुपये होती. मग ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० जाहीर झाली. योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. ही वाढ कुणी दान म्हणून दिली नाही. कोरोनात विधवा झालेल्या बायकांसोबत काम करणाऱ्यांनी ती मागणी लावून धरली होती.

पण जाहीर झालेला पैसा आणि हातात पडलेला पैसा यात फार अंतर असतं. मृत्यू जिथं होतो तिथंच त्याची नोंद होते, म्हणून दाखल्यासाठी ही बाई कर्नाटकात दोनदा गेली. मग उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचं खातं. बालकल्याण समितीपुढं उभं राहायला ८० किलोमीटरवर नांदेड. दर फेरीला एस.टी.चं भाडं गेलं आणि रोजही बुडाला. एकदा ती म्हणाली, "ताई, पैसा लेकरायचा म्हणता, अन् मजुरी माही बुडायली."

मी तिला म्हटलं होतं, अर्ज झाला, आता काळजी करू नका. ती माझी चूक होती. आदेश निघाल्यावरही सात महिने खात्यात काही आलं नाही. एका कार्यालयात उत्तर मिळालं, "निधी आला नाही." तेवढ्यात दिरानं मुलीसाठी स्थळ आणलं. एक तोंड कमी होईल, हा त्याचा हिशोब. आईनं आणि गटातल्या बायांनी मिळून लग्न थांबवलं. पण पोरीचं शाळेचं वर्ष गेलं. नंतर पैसे एकरकमी आले, ते उधारीत गेले.

"निधी आला नाही" हे उत्तर चालवून घ्यायचं का? आठवा, १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला आणि त्यासाठी नोकरदारांच्या व्यवसाय करातून वेगळा निधी उभा राहिला. म्हणजे पैसा आधी बाजूला काढून ठेवता येतो, हे महाराष्ट्रानंच दाखवलंय. मग मोठ्यांच्या कामासाठी जे जमलं, ते लेकरांच्या पोटासाठी का जमू नये? भारतानं १९९२ साली बालहक्कांचा जागतिक करार मान्य केला. त्यात सामाजिक सुरक्षा हा मुलाचा हक्क म्हटला आहे, उपकार नव्हे.

म्हणून आपल्या मागण्या तीन. अनुदान दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळावं. समितीची बैठक ठरावीक दिवशी तालुक्यात व्हावी. आणि एका कार्यालयातला दाखला दुसऱ्या कार्यालयानं मागवून घ्यावा, त्यासाठी बाईला पळवू नये.

नुसत्या घोषणांनी हे होणार नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या गावातल्या एका एकट्या आईच्या तीन तारखा लिहून आणा: अर्ज केला ती, आदेश निघाला ती आणि पैसे जमा झाले ती. तिसरी तारीख नसेल तर ती जागा कोरी ठेवा. असे कोरे कागद घेऊनच आपण जिल्ह्याला जाऊ.