खुन्याचे बालपण आणि समाजाची जबाबदारी



एकापाठोपाठ एक माणसे ठार करणारा गुन्हेगार हाती लागला की समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली अशी की हा माणूस नव्हेच, नरराक्षस आहे. त्याला फासावर लटकवावे आणि विषय संपवावा. दुसरी प्रतिक्रिया प्रामुख्याने पुरोगामी वर्तुळांत ऐकू येते. त्याचे बालपण हालअपेष्टांत गेले, परिस्थितीने त्याला खुनी बनवले, तेव्हा त्याला दोष कसा द्यायचा? वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंचा परिणाम एकच होतो. राक्षस जन्मालाच आला असेल तर समाजाला काही करण्याजोगे नव्हते. आणि छळलेले मूल अटळपणे खुनीच होणार असेल, तरीही करण्याजोगे काही उरत नाही. समाजपरिवर्तनावर विश्वास ठेवणाऱ्या चळवळीला या दोन्ही भूमिका नाकाराव्या लागतील. त्यासाठी आधी वस्तुस्थिती नीट पाहिली पाहिजे.

पश्चिम जर्मनीतील युर्गेन बार्टश याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९६२ ते १९६६ या काळात त्याने चार लहान मुलांना फसवून एका जुन्या, ओसाड भुयारात नेले, त्यांचा अनन्वित छळ केला आणि त्यांना ठार मारले. हे भुयार युद्धकाळात हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी वापरले जात असे. पाचवा मुलगा निसटला, म्हणून १९६६ मध्ये बार्टश पकडला गेला. पहिला खून केला तेव्हा तो अवघ्या पंधरा वर्षांचा होता.

बार्टशचा जन्म १९४६ सालचा. जन्मानंतर काही आठवड्यांतच त्याची आई क्षयाने गेली आणि आयुष्याचे पहिले वर्ष जवळजवळ सगळेच त्याने इस्पितळात काढले. त्यानंतर मांसविक्रीचा चांगला चालणारा धंदा असलेल्या एका दांपत्याने त्याला घरी नेले. म्हणजे या घरात अन्नाची ददात नव्हती, कपड्यालत्त्याची वाण नव्हती. परंतु नव्या आईला स्वच्छतेने झपाटले होते. अंगाला माती लागेल म्हणून मुलाला इतर मुलांत खेळू दिले जात नसे. त्याला तासन् तास कोंडून ठेवले जाई. मारहाण होई, आणि मुलगा एकोणीस वर्षांचा होईपर्यंत आईच त्याला आंघोळ घालीत असे. पुढे त्याची रवानगी निवासी शाळेत झाली. कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेल्या दुसऱ्या शाळेत शिस्तीच्या नावाखाली मुलांना बेदम मार मिळे. तेथील एका धर्मगुरूने आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचे बार्टशने नंतर सांगितले.

या हकिकतीतून पहिली गोष्ट स्पष्ट होते ती ही, की दारिद्र्य म्हणजे गुन्हा हे आपल्याकडे फार काळ वापरले गेलेले समीकरण येथे लागू पडत नाही. प्रतिष्ठित, धर्मभीरू आणि खाऊनपिऊन सुखी घरातही मुलाचे बालपण चिरडले जाऊ शकते. दारिद्र्यामुळे मुलांच्या वाट्याला येणारे दुःख खरेच आहे. पण मुलावर मालकी हक्क गाजवणारी सत्ता ही स्वतंत्र गोष्ट आहे. ती झोपडीत असते, बंगल्यात असते, मठात आणि शाळेतही असते. अन्यायाच्या सर्व प्रकारांशी झुंजणाऱ्या चळवळीने या सत्तेकडे मात्र ‘घरगुती बाब’ म्हणून पुष्कळ काळ पाठ फिरवली, हे नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट न्यायव्यवस्थेची. १९६७ मध्ये वुपर्टालच्या न्यायालयाने बार्टशला जन्मठेप सुनावली. तो किती भयंकर आहे, एवढाच प्रश्न त्या वेळी महत्त्वाचा मानला गेला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. १९७१ मध्ये ड्युसेलडोर्फ येथील फेरसुनावणीत त्याच्या मनोविकाराची आणि बालपणाची तपशीलवार छाननी झाली आणि अल्पवयीनांच्या कायद्याखाली दहा वर्षांची शिक्षा व मनोरुग्णालयात स्थानबद्धता असा निर्णय देण्यात आला. हे त्याला निर्दोष ठरवणे नव्हते. खून त्यानेच केले होते आणि त्याला समाजात मोकळे सोडले गेले नाही. पण तो असा का झाला, हा प्रश्न न्यायालयाच्या दृष्टीने अप्रस्तुत राहिला नाही, हे या निकालाचे महत्त्व. पुढे बार्टशने स्वतःच्या खच्चीकरणाची शस्त्रक्रिया मान्य केली आणि १९७६ मध्ये त्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यातील चुकीमुळे तो मरण पावला. मनाच्या व्याधीवर शरीराची कापाकापी हाच तोडगा सुचावा, यात त्या काळच्या उपचारांची मर्यादा उघड होते.

आता दुसरे उदाहरण पाहावे. अमेरिकेतील आयलीन वुर्नोस हिने १९८९ आणि १९९० या दोन वर्षांत फ्लोरिडामध्ये सात पुरुषांना गोळ्या घालून ठार मारले. १९५६ मध्ये मिशिगन राज्यात जन्मलेल्या या मुलीने आपल्या बापाला कधी पाहिलेच नाही. बालिकेवरील अत्याचाराबद्दल तो तुरुंगात गेला आणि तेथेच त्याने आत्महत्या केली. ती चार वर्षांची असण्याच्या सुमारास आई तिला व तिच्या भावाला टाकून निघून गेली. आजीआजोबांनी त्यांना दत्तक घेतले. आजोबा दारुडा होता. तो मारहाण आणि लैंगिक छळ करीत असे, असे आयलीनचे म्हणणे होते. चौदाव्या वर्षी बलात्कारातून ती गरोदर राहिली. १९७१ मध्ये अविवाहित मातांच्या आश्रमात तिने मुलाला जन्म दिला आणि ते मूल दत्तक दिले गेले. पंधराव्या वर्षी घराबाहेर काढल्यावर ती जवळच्या रानात राहू लागली आणि शरीरविक्रय करून पोट भरू लागली.

या आयुष्यात तिला पाहणारी माणसे किती होती याची मोजदाद केली तर मन थक्क होते. शाळेतील शिक्षक होते, शेजारीपाजारी होते. बाळंतपण करणारे डॉक्टर आणि परिचारिका होत्या, आश्रम चालवणारे होते, मूल दत्तक देण्याचे कागद तयार करणारे होते. पुढे पोलीस, न्यायाधीश, तुरुंगाधिकारी यांच्याशी तिचा वारंवार संबंध आला. चौदा वर्षांची मुलगी गरोदर राहते, तेव्हा तिच्यावर गुन्हा घडलेला आहे हे कळण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नसते. तरीही तिची व्यवस्था लावण्यापलीकडे काही घडले नाही. राज्ययंत्रणेने तिच्याकडे पूर्ण लक्ष दिले ते ती खुनी झाल्यानंतर. तिला सहा वेळा मृत्युदंड ठोठावण्यात आला. अखेरीस तिने स्वतःच अपिले सोडून दिली आणि ९ ऑक्टोबर २००२ रोजी विषारी इंजेक्शन देऊन ती शिक्षा अमलात आली.

परंतु येथेच थांबले तर विवेचन एकांगी होईल. आयलीनचा सख्खा भाऊ त्याच घरात वाढला. तो कर्करोगाने तरुणपणीच वारला, पण त्याने कुणाचा जीव घेतला नाही. मग बालपणातील छळ आणि पुढील हिंसा यांचा संबंध किती आणि कसा मानावा?

अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, लैंगिक हेतूने खून केलेल्या ३६ कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९८० च्या दशकात अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी अनेकांनी बालपणी छळ सोसल्याचे सांगितले. पण या पद्धतीत एक उणीव आहे. तुरुंगातील खुन्यांना बालपणाविषयी विचारले जाते. तसेच बालपण भोगून जे शिक्षक झाले, कामगार झाले, प्रेमळ आईबाप झाले, त्यांना कुणी विचारायला जात नाही. मानसशास्त्रज्ञ कॅथी स्पॅट्झ विडम यांनी ही दिशा उलटी केली. १९६७ ते १९७१ या काळात ज्यांचा छळ वा हेळसांड झाल्याचे न्यायालयात सिद्ध झाले होते अशा ९०८ मुलांची माहिती त्यांनी मिळवली आणि वय, लिंग, वंश व सामाजिक थर यांबाबतीत त्यांच्याशी जुळणाऱ्या ६६७ मुलांशी तिची तुलना केली. १९८९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के, तर दुसऱ्यात १७ टक्के होते. हिंसक गुन्ह्यांचा विचार केला तर शारीरिक छळ झालेल्यांपैकी १५.८ टक्के, निव्वळ हेळसांड झालेल्यांपैकी १२.५ टक्के आणि तुलनेच्या गटातील ७.९ टक्के जणांना अटक झाली होती.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. छळामुळे हिंसेचा धोका निश्चित वाढतो, आणि केवळ दुर्लक्षानेही तो वाढतो. ज्या मुलावर कुणी हात उगारला नाही पण ज्याच्याकडे कुणी पाहिलेही नाही, तेही सुरक्षित नसते. मात्र छळ झालेल्यांपैकी बहुसंख्य मुले हिंसक गुन्हेगार होत नाहीत. खूनसत्र करणारा तर त्यांत लाखांतही एखादा सापडणे कठीण. म्हणून अत्याचार सोसलेल्या मुलाकडे ‘उद्याचा गुन्हेगार’ म्हणून पाहणे हा त्याच्यावर केलेला दुसरा अत्याचार ठरेल.

धोका वाढतो तो कसा, याचाही उलगडा बराचसा झालेला आहे. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाचे शरीर आणि मेंदू कायम धोक्याच्या पवित्र्यात राहतात. मार खाल्लेली मुले समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग इतरांपेक्षा लवकर टिपतात आणि साध्या हालचालीतही वैरभाव पाहतात, असे प्रयोगांत आढळले आहे. असह्य वेदनेपासून सुटण्यासाठी मूल स्वतःच्या भावना गोठवून टाकते. ज्याला स्वतःचे दुःख जाणवेनासे होते, त्याला दुसऱ्याचे जाणवणे अवघड जाते. त्यात जन्मजात स्वभाव, मेंदूची इजा, व्यसन, एकाकीपण यांची भर पडते. उलटपक्षी, एखादे विश्वासाचे माणूस लाभले तर हीच घसरण थांबू शकते. मानसविश्लेषक अ‍ॅलिस मिलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बार्टशच्या बालपणाची चिकित्सा केली. पुढील लेखनात त्यांनी हाच मुद्दा मांडला की मुलाच्या बाजूने उभा राहणारा एक जरी साक्षीदार असेल, तरी त्याचे आयुष्य वेगळे वळण घेऊ शकते. बार्टशला असा साक्षीदार मिळाला नाही आणि आयलीनलाही नाही.

ही चर्चा जर्मनी आणि अमेरिकेपुरती ठेवून सुटका करून घेता येणार नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचे प्रमाण मोठे होते, आणि बहुतेक मुलांनी त्याविषयी कुणाकडे वाच्यताही केली नव्हती. यांतील मुले उद्या खुनी होतील म्हणून त्यांना वाचवायचे, असा याचा अर्थ नव्हे. ती आज दुःखात आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.

कायद्यांची उणीव आता फारशी नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी केली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले. १०९८ या क्रमांकाची मदतसेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती. मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांबद्दल प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. म्हणजे मूल असताना ज्याचे रक्षण झाले नाही, त्याला शिक्षेच्या वेळी मात्र घाईने प्रौढ ठरवायचे, असा हा व्यवहार आहे. कठोर शिक्षेची मागणी करणारे बहुतेक वेळा मोठ्या आवाजात बोलतात. बालगृहाला पुरेसे समुपदेशक द्या, अशी मागणी करणारा मोर्चा क्वचितच निघतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम साधे आणि चिकाटीचे आहे. आपल्या जिल्ह्यातील बालकल्याण समितीवर सदस्य नेमलेले आहेत काय, तिच्या बैठका नियमित होतात काय, याची चौकशी करावी. बालगृहे आणि निरीक्षणगृहे यांची तपासणी खरोखर होते की कागदावरच होते, हे विचारावे. शाळेत छडी उगारली गेली तर गावकीच्या भिडेपोटी गप्प बसू नये. वस्तीतील एखादे मूल अचानक अबोल झाले, शाळेतून गळाले, घरी जायला घाबरू लागले, तर ती घरगुती बाब मानू नये. अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांना अशा खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे, आणि त्यांना त्यासाठी सवड राहील असे वेतन व मनुष्यबळ मिळावे, ही मागणी संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात घालावी.

बार्टशने मारलेली चार मुले आणि आयलीनने मारलेले सात पुरुष यांच्या आप्तांचे दुःख कोणत्याही स्पष्टीकरणाने हलके होणार नाही, आणि खुन्याच्या बालपणाची चिकित्सा करताना त्यांचा विसर पडणे हा अन्याय होईल. कारणमीमांसा म्हणजे क्षमा नव्हे. गुन्हेगाराची जबाबदारी गुन्हेगाराकडेच राहते. परंतु ज्या वयात त्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती, त्या वयातील त्याची जबाबदारी समाजाची होती, आणि ती पार पडली की नाही याचा जाब समाजाकडे मागितला गेला पाहिजे. हा जाब फाशीच्या दिवशी मागून उपयोग नाही. तो शाळेत, बालगृहात आणि वस्तीत, मूल अजून मूल असतानाच मागावा लागेल.