फाळाचं पाणी



चाकणच्या माळावर मोटारी तयार होतात, भोसरीत वेल्डिंगची दुकानं आहेत. आम्ही मात्र मुरमाड रानात झिजलेला फाळ टाकून नवा घेत राहिलो. झिजल्या टोकावर कठीण धातूचा थर चढवून मिळतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

थर दिला, फाळ चालला. बोथटल्यावर सवयीने लोहाराकडे नेला. त्याने लाल करून ठोकला, पाणी दिलं आणि थराचे टवके उडाले. लोहाराचं काय चुकलं? कांडी कोणती, हे आम्हीच विचारलं नव्हतं. क्रोमियमच्या थरातले कार्बाइडचे कण वाळूतल्या गारेपेक्षा कठीण, पण ठिसूळ. घण त्यांना सोसत नाही. कमी मिश्रधातूच्या कांडीचा थर निराळा : लाल करून सावकाश निववला की मऊ पडतो, तेलात विझवला की पुन्हा कडक.

फाळ कडक पोलादाचा असेल तर वेल्डिंगआधी २०० ते ३०० अंश तापवून घ्या, नंतर कोरड्या राखेत निवू द्या. घाईने पाण्यात बुडवाल तर तडकेल. क्रोमियमच्या थरावर केसाएवढ्या भेगा दिसल्या तर वेल्डरशी भांडू नका, त्या पडतातच. थर एकाच अंगाला द्या. दुसरं अंग झिजत जातं आणि धार आपोआप राहते.